काचेतून मोजलेली दारं

ता. ३ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. आईला वेगळं पत्र टाकलंय, त्यात सगळं गोडगोड लिहिलंय. खरं काय ते तुला लिहिते, कारण तू या धंद्यात मुरलेला. इथे फोन बंद आहेत. ऑफिसची गाडी आठवड्यातून एकदा टपालाची थैली घेऊन शहरात जाते, तिच्यात हे कोंबते आहे. मला शाळेच्या मागची एक खोली दिलीय. खिडकीच्या काचांवर फुलीसारख्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, म्हणजे फुटल्या तर अंगावर येऊ नयेत. नळाला पाणी सकाळी येतं आणि ते गंजाच्या रंगाचं असतं.

लढाई थांबली म्हणतात. मला ती नुसती दम खायला बसल्यासारखी वाटते. रस्त्याच्या खालच्या अंगाला सरकारचे शिपाई, वरच्या अंगाला डोंगरातली माणसं, आणि मधल्या पट्ट्यात तुमच्या संस्थेने घरं बांधून दिलेली गावं. पुलावर देखरेखीची तुकडी पांढऱ्या जीपगाड्या लावून बसलेली असते, म्हणून सगळे सभ्यपणे वागतात.

आमच्या कंपनीचं काम तुला माहीतच आहे. पडलेली घरं उभी राहिली का, ते बघायचं. बघायचं म्हणजे अक्षरशः बघायचं, कारण सुरक्षेच्या नियमाप्रमाणे गाडीतून उतरायचं नाही आणि काचही खाली करायची नाही. मामा, उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकून होते, इथे गाडीतून दारं मोजतात! माझ्या हातात एक टिकटिक करणारं मोजयंत्र दिलंय. भिंती पुऱ्या झालेल्या प्रत्येक घराला संस्थेचं निळं दार. सगळा मुलूख राखेच्या रंगाचा आणि त्यात ती तुझी दारं. पेंगणारा माणूससुद्धा मोजेल. काय रे तुझी अक्कल! ऑफिसात तुला दारवाले म्हणतात ते उगीच नाही.

माझ्याबरोबर ड्रायव्हरकाका आणि एक दुभाषीबाई असतात. बाई माझ्याहून जेमतेम दोनचार वर्षांनी मोठी, पण अशी दटावते की आईची आठवण नको. ऑफिसात समोरचा माणूस पाच मिनिटं बोलला की ती मला सांगते, नाही म्हणाला. आणि समोरचा नुसता हूं म्हणाला की हिचं भाषण सुरू. गावात एकुलती एक गल्ली आहे, तिच्यातच ती म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहते. तिच्या घरालाही निळं दार आहे. मी कौतुकाने तिला सांगितलं की ही युक्ती एका फार हुशार माणसाची. त्यावर ती म्हणाली की मोजायला सोपी आहेत खरी, पण मोजणारे तुम्ही एकटेच नाही.

मामीला नमस्कार आणि तुझ्या पोटाला सबुरी. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी भाची,
ठकू

* * *

ता. १४ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून पोटभर हसलो. तुझी मामी म्हणाली, भाचीची जीभ मामावरच गेलीय. आता माझ्या दारांची जन्मकथा ऐक, पुढे कामी येईल. पहिल्या खेपेला तिकडे जो मूल्यमापनवाला गेला, त्याने गाडीत बसून अंदाजाने घरं मोजली. गोठे मोजले, दुकानं मोजली, एक थडगंही मोजलं. वर समितीत आमची शोभा झाली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते, तेव्हा मी म्हटलं की माणूस उतरू शकत नसेल तर घरानेच आपण पूर्ण झाल्याचं ओरडून सांगितलं पाहिजे. भिंत पुरी झाली की दार, दार दिसलं की टिक. तेव्हापासून मोजणीत एकाचाही फरक नाही.

दोन सूचना. गाडीतून उतरण्याचा आगाऊपणा करू नकोस. आणि आपण मामा-भाची आहोत याचा तिथे डांगोरा पिटू नकोस. तुझ्या आईचं माहेरचं आडनाव कोण विचारतंय? नात्यात काही वाईट नाही, पण लोकांची तोंडं वाईट. बाकी मामाच्या दारांना नापास केलंस तर पुढच्या सुट्टीत दारात उभी करणार नाही, सांगून ठेवतो.

दुभाषी लोकांचं फार मनावर घेऊ नये. त्यांना जपून बोलायची सवय असते, आणि जपून बोललेलं सगळं खोल वाटतं.

इथे सर्व क्षेम. तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,

मामा

* * *

ता. २७ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

आगाऊपणा केला. गाडीतून उतरले. गल्लीतच चाक बसलं, ड्रायव्हरकाका जॅक शोधायला लागले, आणि बाईने माझा हात धरून मला सरळ घरात नेलं. नियम मला तोंडपाठ होता, पण तिचा हात सोडवेना.

घर म्हणजे चार नव्या भिंती, तुझं दार आणि वर प्लास्टिकचं कापड. कापडात पाणी साचतं, ते तिचे वडील काठीने खालून ढकलून बाहेर सांडतात. घरात एकच खुर्ची, ती मला दिली. बघता बघता गल्लीतल्या बायका जमल्या, आणि त्या दिवशी बाईने एकही वाक्य आखडलं नाही.

त्यांचं म्हणणं असं. डोंगरातली माणसं हल्ली खाली येतात, गल्लीच्या तोंडाशी उभी राहतात आणि निळी दारं मोठ्याने मोजतात. निळं दार म्हणजे परक्यांचं खाणारा आणि त्यांना बातम्या पुरवणारा, असं त्यांनी ठरवून टाकलंय. पांढऱ्या जीपगाड्या आहेत तोवर कुणी हात लावणार नाही. पण ती तुकडी जूनअखेर उठणार आहे. मग?

मग बायका म्हणतात, रंग खरवडू द्या. पण तुमच्या करारावर प्रत्येक घराचा अंगठा आहे. शेवटची मोजणी होईपर्यंत दाराचा रंग बदलायचा नाही. दार निळं नसेल तर घर अपुरं, आणि अपुऱ्या घराला छपराचे पत्रे नाहीत. थंडीत इथे बर्फ पडतो, मामा. गेल्या थंडीत त्या प्लास्टिकखाली गल्लीतलं एक तान्हं पोर गेलं. बायका मला विचारत होत्या की छप्पर हवं असेल तर मान द्यायची आणि मान हवी असेल तर छप्पर, हा कुठला न्याय?

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुझ्या सहीचं एका ओळीचं पत्र हवंय की रंग काढला तरी पत्रे मिळतील. बास. मी अहवालातही स्वच्छ लिहिलंय की या दारांमुळे माणसं मरतील. बायका दुसऱ्याच दिवशी खरवडायला बसणार होत्या. मीच थांबवलं. बाईला सांगितलं की ज्यांची ही कल्पना ते माझे सख्खे मामा आहेत, आणि ते मला नाही म्हणायचे नाहीत. तिने ते गल्लीभर सांगितलं, माझ्या बोलण्यापेक्षा बरंच रंगवून. म्हातारबाबांनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

उलट टपाली ओळ पाठव. लोभ नंतर कर, आधी हे कर.

ठकू

* * *

ता. ९ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं आणि अहवालाचा कच्चा खर्डाही. तुझी तळमळ पोचली. तुझ्या वयात मीही असाच होतो, एकदा तर तंबूत संपावर बसलो होतो. पण तळमळ वेगळी आणि मूल्यमापन वेगळं.

शांतपणे विचार कर. चार बायका एका खोलीत बसून काही बोलल्या, त्याला पुरावा म्हणत नाहीत. तू उतरलीस, हा मुळात नियमभंग. त्यात ज्या घरात बसलीस ते तुमच्याच दुभाषीचं. आणि रंग काढला तर मोजायचं काय? एका गावाला सूट दिली की उद्या सगळी गावं रांगेत उभी. दुसऱ्या टप्प्याची मंजुरी याच मोजणीवर अवलंबून आहे. शिवाय निळ्या दारांची पद्धत आणखी तीन देशांत न्यायचं चाललंय. तिकडचे लोक मला बोलावताहेत. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो, ठकू. आयुष्यभर खर्डेघाशी केल्यावर एक गोष्ट माझ्या नावावर लागते आहे.

तरी मी कानांवर हात ठेवले असं समजू नकोस. जुलैत समिती बसते, तिथे विषय काढीन. तोवर दारांना हात लावू देऊ नकोस, उगाच बिचाऱ्यांचे पत्रे जातील. आणि अहवालात 'या दारांमुळे माणसं मरतील' हे वाक्य काढून 'रंगाच्या निवडीबाबत स्थानिक पातळीवर काहीशी संवेदनशीलता आढळली' असं घाल. अर्थ तोच, वाचणाऱ्याला ठसका लागत नाही.

रागावशील, पण चार वर्षांनी मामाचं पटेल. प्रकृतीला जप, लोभात खंड नको.

मामा

* * *

ता. २० मे

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला, खोडत नाही.

ठकू घरी आली आहे. कंपनीने तिला काढलं. अहवाल रद्द झाला, का तर म्हणे लिहिणारी बाई आखणी करणाऱ्या साहेबांची भाची निघाली, म्हणून तिचं मत निःपक्ष धरता येत नाही. आता मला सांग, माझं माहेरचं आडनाव त्या ऑफिसात कुणाला ठाऊक होतं? भिंतींना? तुझी दारं वाईट म्हणेपर्यंत ती कुणाचीच भाची नव्हती. वाईट म्हणाली आणि एका आठवड्यात नातं उगवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा असतो, हे या वयात घरातच बघायला मिळालं.

अरे, तिला सायकल तू शिकवलीस. पडली तेव्हा हिच्या आधी तू रडलास. शाळेत निबंध लिहायचा असला की ही पोरगी मामावरच लिहायची. त्या पोरीला तू खोटी पाडलीस?

बरं, ती नोकरीचं रडत नाही. नोकरीचं मी रडते. ती मागच्या खोलीत बसून एकच विचारते की मामाची ती ओळ गेली का. कुणी दुभाषीबाई आहे, तिला हिने शब्द दिलाय म्हणे. तिच्या भरवशावर गल्लीच्या गल्ली खोळंबून बसलीय, आणि जूनअखेर तुकडी उठणार. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण एक ओळ लिहायला किती शाई लागते, एवढं कळतं. भाचीला खाल्लंस ते खाल्लंस, निदान ती ओळ तरी धाड.

मी यापुढे लोभ-बिभ लिहीत नाही. तुझी बहीण आहे, ते काही सुटत नाही.

अक्का

* * *

ता. ६ ऑगस्ट

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण रागात असलेल्या माणसाला पत्र लिहू नये असं तूच मला शिकवलंस. हो, नातं मीच कळवलं. आज ना उद्या फुटलंच असतं, आणि मग तिच्याबरोबर मीही गेलो असतो. दोघं बुडण्यापेक्षा एकाने काठावर असावं, म्हणजे दुसऱ्याला हात देता येतो. ठकूसाठी मी दोन ठिकाणी शब्द टाकून ठेवलाय. तिला सांग, लगेच नको, डोकं निवल्यावर अर्ज कर.

तिच्या त्या विषयाचं म्हणशील, तर मी शब्द पाळला. समितीत विषय काढला. समिती म्हणाली, नवा निःपक्ष माणूस पाठवून शेवटची मोजणी होऊ द्या, मग बघू. तो गृहस्थ गेल्या महिन्याच्या शेवटी जाऊन आला. सगळीकडचा निकाल उत्तम. दुसरा टप्पा मंजूर झाला. पुढच्या देशात दारं हिरवी करायचं ठरतंय, निळ्याने डोळे दिपतात म्हणे.

एक ठकूचं गाव तेवढं नापास. आख्ख्या गल्लीत निळं दार म्हणून एकच! बाकीच्यांनी दारं विकली की जाळली, देव जाणे. भिंती उभ्या आहेत पण दारं भलत्याच रंगांची, काही ठिकाणी नुसतं लाकूड. घरं अपुरी धरली गेली. त्यांचे पत्रे साहजिकच दुसऱ्या गावाला वळवले. मला वाईट वाटलं, पण करार तो करार. ठकूला म्हणावं, ज्यांच्यासाठी तू भांडलीस त्यांनी तुझी तरी लाज राखायची होती.

पण त्या एका घराचं मला फार कौतुक वाटलं. सगळी गल्ली एकीकडे आणि हे कुटुंब एकीकडे. मोजणीवाल्याने 'लाभार्थ्यांचं समाधान' या सदरात नोंद केलीय की तिथले एक वृद्ध गृहस्थ त्या दारात उभे होते, आणि गाडी पाहून त्यांनी हात उंचावला. वाचताना डोळ्यांत पाणी आलं, अक्का. मी स्वतः सुचवून त्या घराला संस्थेचं प्रशस्तिपत्र पाठवलंय आणि त्यांचे पत्रेही लगेच रवाना केलेत. हे ठकूला जरूर वाचून दाखव. तिलाही बरं वाटेल.

राग टाकून दे. तुझ्या मायेवाचून मला तरी कोण आहे?

तुझा,
बाळ

* * *

ता. २९ ऑगस्ट

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने वाचून दाखवलं. एकच दार, हे ऐकलं आणि पिशवी भरली. आता गाडी नाही, काच नाही. शहरापर्यंत बसने आले. बसस्टँडवर ड्रायव्हरकाका भेटले, ते संस्थेचं काम सोडून आता बटाटे वाहतात. त्यांच्या ट्रकमधून गावात आले. त्यांना तोडकीमोडकी दोन्ही भाषा येतात, म्हणून झालेलं सगळं मला कळू शकलं. तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते.

गल्लीने तुमच्या ओळीची वाट शेवटपर्यंत पाहिली. मला काढल्यावरही बाई सगळ्यांना सांगत होती की पत्र टपालात अडकलं असेल, ती पोरगी शब्दाची पक्की आहे. तुकडी उठली. त्याच आठवड्यात, दिवसाढवळ्या, डोंगरातली माणसं खाली आली. निळ्या दाराचा प्रत्येक माणूस बाहेर काढायला लागली. गल्लीत त्यांच्याशी बोलायला पुढे कोण होणार? जिला बोलता येतं तीच. ती गेली, आणि बराच वेळ बोलली. काय बोलली ते कुणालाच नीट कळलं नाही. शेवटी त्यांनी बाकीच्यांना सोडलं आणि तिला घेऊन गेले. एवढ्या जणांच्या वतीने बोलते म्हणजे हीच त्यांची म्होरकी, असा त्यांनी हिशेब केला असावा. ती अजून आलेली नाही. येईल असं इथे कुणी म्हणत नाही.

संध्याकाळच्या आत गल्लीने दारं खरवडली. कोयत्याने, फुटक्या काचेने, डब्याच्या झाकणाने. विकलीही नाहीत आणि जाळलीही नाहीत. जगलेत म्हणून तुमच्या मोजणीत नापास झाले. तान्ह्या पोरांच्या डोक्यावर अजून तेच प्लास्टिक आहे आणि सकाळी आत्ताच बोटं आखडतात.

दार राहिलं ते एकट्या तिच्या घराचं. बायका खरवडायला गेल्या तर तिचे वडील दारात उभे राहिले. म्हणाले, आता नेण्यासारखं या घरात काय उरलंय? म्हणून ते निळं आहे. तुम्ही ज्या कुटुंबाचं कौतुक करता त्या कुटुंबात एकच माणूस शिल्लक आहे.

आणि तो हात. तुमचा माणूस आला तेव्हा ड्रायव्हरकाकाच गाडी चालवत होते. संस्थेची गाडी दिसली म्हणून म्हातारबाबा पुढे आले. पोरीची काही बातमी असेल तर विचारावं, एवढंच त्यांच्या मनात. गाडी थांबावी म्हणून त्यांनी हात वर केला. काकांनी वेग कमी केला तर मागून हुकूम आला की नियमात बसत नाही, चला. त्या साहेबांनी काचेतून हसून उलट हात हलवला. काकांनी त्याच दिवशी गाडीच्या किल्ल्या टाकल्या.

तुमचे पत्रे आले. म्हातारबाबांनी ते शेजारच्या तीन घरांना वाटून दिले, स्वतः प्लास्टिकखालीच आहेत. प्रशस्तिपत्रही आलं, जाड कागदाचं, तुमच्या सहीचं. त्यांना वाचता येत नाही. सरकारी दिसणारा कागद, म्हणून त्यांनी तो जपून ठेवला होता, कुणीतरी वाचणारं येईल म्हणून. आज सकाळी मला खुर्चीवर बसवलं, कागद माझ्या हातात दिला आणि काकांकरवी विचारलं की मुलगी कुठे ठेवलीय ते यात लिहिलंय का. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी विचारलं, तर काय लिहिलंय?

अजून समोर बसून आहेत. मी सांगितलंय की ज्यांनी सही केली त्यांनाच विचारून सांगते. तेवढं उलट टपाली कळवावं. लोभाचं मग बघू.

ठकू